पगार आणि पदवी एकदमच: इंग्लंडमधल्या टेक डिग्री अप्रेंटिसशिपचं परीक्षण

ए-लेव्हल (इंग्लंडमधली बारावीच्या तोडीची परीक्षा) झालेल्या मुलाला किंवा मुलीला एखादी बँक, कन्सल्टन्सी नाहीतर सॉफ्टवेअर कंपनी नोकरीवर घेते, दरमहा पगार देते, विद्यापीठाची फी परस्पर भरली जाते आणि तीन-चार वर्षांनी हातात बीएस्सी ऑनर्स येते. डोक्यावर कर्ज नाही, वर तेवढ्याच वर्षांचा कामाचा अनुभव. जाहिरातीत एवढं लिहिलेलं असतं आणि त्यातलं काही खोटं नसतं. फसगत होते ती न लिहिलेल्या दोन गोष्टींवर: आठवड्यातला अभ्यासाचा वेळ खरोखर हाती पडतो का, आणि ज्या टीममध्ये बसवतात तिथलं काम कोर्सशी जुळतं का. कंपनीचं नाव आणि पगाराचा आकडा बघून ऑफर घेणारे नेमकं हेच विचारायचं विसरतात.

निकाल आधीच सांगतो. टीम चांगली आणि अभ्यासाचा दिवस पाळला जाणारा असेल, तर पाचपैकी साडेचार तारे. दोहोंपैकी एकच असेल तर तीन. दोन्ही नसतील तर कंपनी कितीही नामांकित असो, सरळ पूर्णवेळ विद्यापीठात जावं.

इथे परीक्षण आहे ते ‘डिजिटल अँड टेक्नॉलॉजी सोल्युशन्स प्रोफेशनल’ या लेव्हल ६ च्या स्टँडर्डचं, म्हणजे अप्रेंटिसशिपच्या सरकारमान्य आराखड्याचं. लेव्हल ६ म्हणजे पूर्ण पदवी, ३६० क्रेडिट्स. कंपन्या आपापल्या पत्रकात त्याला ‘टेक्नॉलॉजी डिग्री अप्रेंटिस’, ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर डिग्री अप्रेंटिस’, ‘सायबर डिग्री अप्रेंटिस’ अशी नाना नावं देतात, पण आत बहुतेक वेळा हाच माल असतो. शाखा मुख्यतः सहा: सॉफ्टवेअर इंजिनिअर, डेटा ॲनालिस्ट, सायबर सिक्युरिटी ॲनालिस्ट, नेटवर्क इंजिनिअर, बिझनेस ॲनालिस्ट आणि आयटी कन्सल्टंट. २०१५ मध्ये पहिल्या बॅचेस सुरू झाल्या. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठ तेव्हापासून यात आहे, आणि ॲस्टन विद्यापीठ व कॅपजेमिनी ही जोडीही जुनी. स्कॉटलंडमध्ये याच धर्तीची ‘ग्रॅज्युएट अप्रेंटिसशिप’ आहे, वेल्सची योजना वेगळी. त्यामुळे खालचे नियम इंग्लंडपुरतेच धरावेत.

मराठी माणसाला इथे कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ आठवणारच. पण तिथे काम हे शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी होतं. शेतात राबून मुलगा इतिहास शिकू शकायचा. इथे कामच अभ्यासक्रमाचा भाग आहे. ऑफिसात केलेलं काम पुराव्यानिशी मांडता आलं नाही तर विद्यापीठातले गुण कितीही चांगले असोत, अप्रेंटिसशिप पूर्ण होत नाही. या फरकातूनच पुढच्या बहुतेक अडचणी निघतात.

कंपन्या हे का करतात ते समजून घेतलं की त्यांचं वागणं उलगडतं. एप्रिल २०१७ पासून ज्या कंपनीचं वार्षिक वेतनबिल ३० लाख पौंडांवर आहे तिला वरच्या रकमेच्या ०.५ टक्के ‘अप्रेंटिसशिप लेव्ही’ नावाचा कर भरावा लागतो. तो पैसा तिच्याच खात्यावर जमा होतो, पण खर्च मुख्यतः अप्रेंटिसशिपच्या प्रशिक्षणावर आणि परीक्षेवर करता येतो, आणि मुदतीत वापरला नाही तर हातचा जातो. म्हणजे फीचा पैसा कंपनीने आधीच काढून ठेवलेला असतो. खिशातून नव्याने जातो तो पगार. या स्टँडर्डला लेव्हीतून मिळणारी कमाल रक्कम २५,००० पौंड. आता हिशोब बघा: साध्या विद्यार्थ्याची २०२५-२६ ची फी वर्षाला ९,५३५ पौंड, तीन वर्षांचे २८,६०५. अप्रेंटिसमागे विद्यापीठाला त्याहून कमी मिळतात, आणि त्यातच शेवटची परीक्षा, प्रशिक्षकाच्या भेटी, सरकारी कागदपत्रं, सगळं बसवायचं. रेकॉर्ड केलेली लेक्चर्स, साठ-साठ जणांचे ऑनलाइन वर्ग, उशिरा येणारा असाइनमेंटचा फीडबॅक, या नेहमीच्या तक्रारींचं मूळ बऱ्याच अंशी या आकड्यात आहे.

पैशाची बाजू मात्र निर्विवाद भक्कम. १९ वर्षांखालच्या किंवा पहिल्या वर्षातल्या अप्रेंटिसचं नियमाने ठरलेलं किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये तासाला ७.५५ पौंड होतं. मोठ्या टेक कंपन्या त्याच्या बऱ्याच वर देतात. समजा वर्षाला २२,००० ठरले. १२,५७० पर्यंत कर नाही, उरलेल्या ९,४३० वर २० टक्क्यांनी १,८८६ आयकर आणि ८ टक्क्यांनी सुमारे ७५४ नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी). हातात वर्षाला १९,३६० च्या आसपास, महिन्याला १,६१३ पौंड. लंडनबाहेर घरी राहणाऱ्याला हे भरपूर झाले. लंडनमध्ये खोली घेणाऱ्याची महिनाअखेरीला ओढाताण होते, मग कंपनी लंडन भत्ता वेगळा देते का हे पाहावं. याउलट पूर्णवेळ शिकणारा मित्र फी आणि राहण्याच्या खर्चाचं कर्ज घेऊन बाहेर पडतो, आणि आताच्या ‘प्लॅन ५’ या कर्जफेडीच्या योजनेनुसार २५,००० च्या वरच्या पगारातले ९ टक्के ४० वर्षांपर्यंत कापले जाऊ शकतात.

पगाराच्या कागदात तीन बारीक कलमं आहेत, ती कोणी समजावून सांगत नाही.

पहिलं पेन्शन. आपोआप पेन्शनमध्ये नाव जातं ते २२ व्या वर्षापासून. अठराव्या वर्षी लागलेल्याचं नाव आपसूक जात नाही; पण वर्षाला ६,२४० पौंडांवर कमावत असेल तर तो स्वतः अर्ज करून सामील होऊ शकतो आणि मग कंपनीला आपला वाटा घालावाच लागतो. एक ईमेल करायचा असतो. चार वर्षांचा कंपनीचा वाटा निव्वळ न विचारल्यामुळे सोडून देणारे पुष्कळ.

दुसरं काउन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक काउन्सिलची घरपट्टी. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तो माफ, आणि डिग्री अप्रेंटिस स्वतःला विद्यार्थी समजतो. काउन्सिल समजत नाही. आठवड्याला १९५ पौंडांपर्यंतच कमाई असलेल्या अप्रेंटिसलाच सवलत आहे, आणि टेकमधला पगार त्याच्या दुपटीहून जास्त. तीन विद्यार्थी मित्रांबरोबर घर भाड्याने घेतलं तर आतापर्यंत पूर्ण माफ असलेल्या घराला २५ टक्के सवलतीनंतरचं बिल येतं, आणि ते अप्रेंटिसच्या नावावर. घर घेण्याआधी मित्रांशी हे बोलून घ्यावं, नाहीतर पहिल्या बिलाबरोबर मैत्रीत खडा पडतो.

तिसरं, फी परत मागणं. अप्रेंटिसने मधेच नोकरी सोडली तरी प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येत नाही, हा निधीच्या नियमांतला स्पष्ट मुद्दा आहे. करारात तसं कलम दिसलं तर एचआरला लेखी विचारावं. स्थलांतरासाठी दिलेला भत्ता किंवा जॉइनिंग बोनस याची गोष्ट वेगळी. तो परत मागायचं कलम असू शकतं.

आता पात्रता. हा भाग स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या मराठी कुटुंबांनी नीट वाचावा, कारण बऱ्याच घरांत ही वाट आहे हेच ठाऊक नसतं. डिपेंडंट व्हिसावरच्या मुलाला विद्यापीठ साधारणपणे परदेशी विद्यार्थ्याची फी लावतं आणि स्टुडंट लोन मिळत नाही. अप्रेंटिसशिपच्या निधीचा नियम मात्र वेगळा आहे: शिक्षणाच्या कारणासाठी नसलेला वैध व्हिसा, काम करायचा हक्क आणि सुरुवातीच्या आधी सलग तीन वर्षं यूकेत नेहमीचं वास्तव्य. स्लाउ, हॅरो, मिल्टन कीन्स भागात जीसीएसईच्या (सोळाव्या वर्षीची शालेय परीक्षा) आधीपासून राहणारी कितीतरी मुलं यात बसतात. तीन वर्षांच्या काळात भारतात सुट्टीला जाणं अडत नाही, पण एखादं वर्ष पुण्याच्या शाळेत काढलं असेल तर प्रश्न येतो. व्हिसा कोर्स संपायच्या आत संपणार असेल तर कंपनी कचरते. तेव्हा मुदतवाढीचं किंवा आयएलआरचं (कायम वास्तव्याच्या परवान्याचं) वेळापत्रक आईवडिलांनी अर्जाच्या वेळीच तयार ठेवावं. संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्यांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतं आणि त्यासाठी सहसा पाच वर्षांचं वास्तव्य पाहतात, काही जागांना ब्रिटिश नागरिकत्वच. त्यामुळे सायबरच्या जागा बघताना जाहिरातीतली ही ओळ सर्वात आधी वाचावी.

भारतातून थेट येऊन हे करता येत नाही. स्टुडंट व्हिसावर अप्रेंटिसशिपला परवानगी नाही, आणि तीन वर्षांची अट तर आहेच. ‘यूकेत पगारी पदवी, व्हिसासकट’ असं पॅकेज कोणी एजंट पुण्यात, नाशकात किंवा मडगावात विकत असेल तर तिथून उठून यावं.

अर्जाचं कॅलेंडर यूकासपेक्षा, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या केंद्रीय अर्जव्यवस्थेपेक्षा, वेगळं चालतं. मोठ्या कंपन्यांच्या जागा ए-लेव्हलच्या शेवटच्या वर्षात सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उघडतात आणि पुरेसे अर्ज आले की शेवटच्या तारखेआधीच बंद होतात. फेब्रुवारीतल्या अप्रेंटिसशिप वीकपर्यंत थांबणाऱ्याच्या हाती चांगल्या जागांपैकी उरलेल्या लागतात. हे अर्ज यूकासच्या पाच पर्यायांत मोजले जात नाहीत, म्हणून दोन्ही वाटा समांतर ठेवाव्यात. एखादी ऑफर मार्चमध्ये येते, एखादी जूनमध्ये. तोवर विद्यापीठाची जागा हातची घालवू नये. टप्पे साधारण असे: ऑनलाइन फॉर्म, मग प्रसंग देऊन पर्याय निवडायला लावणाऱ्या किंवा खेळासारख्या चाचण्या, मग रेकॉर्ड केलेली व्हिडिओ मुलाखत, शेवटी असेसमेंट सेंटर, म्हणजे गटकाम आणि मुलाखतींचा निवड-दिवस. यानंतरही विद्यापीठाचा स्वतंत्र प्रवेश असतो, आणि त्याच्या ए-लेव्हलच्या अटी कंपनीपेक्षा कडक असू शकतात. कंपनीने ‘कोणतेही विषय चालतील’ म्हटलं आणि विद्यापीठाने गणित मागितलं, असं होतं. दोन्हीकडची पानं वाचावीत.

आपल्या मुलांचा घोळ होतो तो व्हिडिओ मुलाखतीत. समोर माणूस नसतो, प्रश्न पडद्यावर येतो, विचार करायला अर्धा-एक मिनिट आणि बोलायला दोन. ग्रेड्स सांगून भागत नाही. ‘एखादी गोष्ट बिघडली तेव्हा तू काय केलंस’ याला शाळेच्या संगणक क्लबमधलं, गणेशोत्सव मंडळाच्या वेबसाइटचं, दुकानातल्या शनिवारच्या नोकरीचं, काहीही खरं उदाहरण चालतं. पण प्रसंग, आपलं काम, आपण काय केलं आणि शेवटी काय झालं या क्रमाने ते दोन मिनिटांत बसायला हवं. घरात फोन लावून सराव केला तर फरक लगेच दिसतो.

नोकरीत रुजू झाल्यावर खरा मुद्दा येतो: वेळ. २०२२ पर्यंत नियम होता कामाच्या तासांपैकी २० टक्के ‘ऑफ द जॉब’ प्रशिक्षण. मग तो पूर्णवेळ काम करणाऱ्यासाठी आठवड्याला सरासरी किमान ६ तास झाला, आणि ऑगस्ट २०२५ पासून प्रत्येक स्टँडर्डला किमान तासांचा आकडा ठरवून दिलाय. आकडा कोणताही असो, गाभा तोच: हा वेळ पगाराच्या तासांत मिळायला हवा. रात्री घरी बसून केलेली असाइनमेंट त्यात मोजत नाहीत, जोवर बदली सुट्टी मिळत नाही. लेक्चर, सीनिअरच्या शेजारी बसून नवं काम बघणं, नवं टूल शिकणं, कामाच्या वेळेत असाइनमेंट लिहिणं, हे मोजतात. आधीच येत असलेलं रोजचं काम आणि आढाव्याच्या बैठका मोजत नाहीत.

विद्यापीठं हा वेळ वेगवेगळ्या तऱ्हेने वाटतात. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, ही सर्वात रुळलेली पद्धत. दुसरी ब्लॉकची: दोन-तीन महिन्यांतून एकदा सलग आठवडाभर वर्ग. तिसरी अगदी वेगळी. पीडब्ल्यूसीने २०१८ पासून लीड्स आणि बर्मिंगहॅमसारख्या विद्यापीठांबरोबर चालवलेल्या कार्यक्रमात मुलं टर्मच्या काळात कॅम्पसवर कॉम्प्युटर सायन्स शिकायची आणि कंपनीतलं काम मोठ्या तुकड्यांनी व्हायचं. ज्याला होस्टेल, सोसायट्या, मित्रांचं कोंडाळं हवंय त्याने असेच कार्यक्रम शोधावेत. त्यांच्या जागा अर्थातच मोजक्या. राहिला प्रश्न पहिल्या दोन पद्धतींचा. ब्लॉक टीमला आवडतो, कारण माणूस एकदम आठवडाभर जातो आणि बाकी वेळ पूर्ण हाती असतो. पण दोन ब्लॉकच्या मधल्या काळात असाइनमेंट लिहायला वेळ कोण देणार, हे ठरलेलं नसतं, आणि तो भार शनिवार-रविवारवर येतो. ठरलेला दिवस अप्रेंटिससाठी बरा.

तो दिवस मरतो कसा, ते पाहण्यासारखं आहे. कोणी येऊन ‘आज अभ्यास नको’ म्हणत नाही. सकाळी सव्वानऊचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक), ‘पंधरा मिनिटंच आहे, जोडून जा.’ मग रिलीजचा, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढायचा, आठवडा. मग प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालीत, काही अडकलं आणि तो भाग माहीत असलेला अप्रेंटिस एकटाच. तीन महिन्यांत दिवसाचा अर्धा दिवस होतो, वर्षाअखेरीला फक्त लेक्चरचे दोन तास उरतात. उपाय फार सोपा आहे, पण पहिल्या आठवड्यातच करावा लागतो: आउटलुकमध्ये तो दिवस वर्षभरासाठी ‘आउट ऑफ ऑफिस’ म्हणून लावायचा, टीमच्या स्प्रिंट नियोजनात (पुढच्या काही आठवड्यांच्या कामाच्या वाटपात) स्वतःची क्षमता पाचऐवजी चार दिवस नोंदवायची, आणि दिवस द्यावाच लागला तर बदल्यात कोणता दिवस ते त्याच ईमेलमध्ये लिहून घ्यायचं. क्षमता चारची नोंदली की मॅनेजर आपोआप चारचंच काम देतो. ती पाचची राहिली तर अभ्यासाचा दिवस कॅलेंडरवर असतो आणि काम पाच दिवसांचं असतं.

नोंदवहीचं प्रकरण कंटाळवाणं, पण निर्णायक. ॲप्टेम किंवा वनफाइल अशा प्रणालीत अप्रेंटिसने तास आणि पुरावे भरायचे असतात, आणि प्रत्येक पुरावा स्टँडर्डमधल्या ज्ञान, कौशल्य किंवा वर्तनाच्या एखाद्या मुद्द्याला जोडायचा. इथे त्यांना सगळे ‘केएसबी’ म्हणतात. बहुतेकांची नोंद अशी असते: ‘पायथन शिकलो. टीमला बग सोडवायला मदत केली. ४ तास.’ शेवटच्या परीक्षेत याचा उपयोग शून्य. कामाची नोंद अशी दिसते: ‘रात्रीच्या बॅचमध्ये रिकामी फाइल आली की लोड अर्ध्यावर बंद पडायचा आणि सकाळी हाताने पुन्हा चालवावा लागायचा. फाइल उघडण्याआधी ओळींची संख्या तपासणारी पायरी टाकली, रिकामी फाइल असेल तर इशारा जाईल असं केलं, तीन युनिट टेस्ट लिहिल्या. कोड रिव्ह्यूमध्ये एरर हँडलिंगवर आक्षेप आला, तो दुरुस्त केला. पुढच्यावेळी टेस्ट आधी लिहीन.’ सोबत पुल रिक्वेस्टचा (कोडमधला बदल तपासणीला देण्याच्या नोंदीचा) ग्राहकाची माहिती झाकलेला स्क्रीनशॉट आणि मॅनेजरची एका ओळीची पुष्टी. यात समस्या आहे, निर्णय आहे, दुसऱ्याची टीका आहे आणि पुढचा विचार आहे. एकाच नोंदीत चार-पाच मुद्दे सुटतात. शुक्रवारी दुपारी वीस मिनिटं यासाठी ठेवावीत. सहा महिन्यांनी आठवून लिहायला बसलं की कामाच्या नोंदींची तिकिटं बंद झालेली, मॅनेजर बदललेला आणि स्क्रीनशॉट घ्यायची परवानगीही गेलेली असते. शिवाय महिनाभर शिकण्याची काहीच नोंद दिसली नाही तर विद्यापीठाला ते सरकारला कळवावं लागतं आणि ‘ब्रेक इन लर्निंग’चा, म्हणजे शिक्षणात अधिकृत खंड पाडायचा, विषय निघतो.

साधारण दर बारा आठवड्यांनी तिघांची आढावा बैठक होते: अप्रेंटिस, लाइन मॅनेजर, विद्यापीठाचा स्किल्स कोच. मॅनेजर पाच मिनिटं येतो, ‘सगळं उत्तम’ म्हणतो आणि निघतो, हे सर्रास. पण टीम किंवा काम बदलून घ्यायची खरी जागा हीच बैठक आहे, कारण इथलं बोलणं नोंदलं जातं आणि सरकारी तपासणीत विद्यापीठाला दाखवावं लागतं. सॉफ्टवेअर शाखेच्या मुलीला सहा महिने प्रोजेक्ट ऑफिसमध्ये एक्सेलचे तक्ते भरायला बसवलं, तर चहाच्या वेळी मॅनेजरकडे कुरकुर करून काही होत नाही. ‘डिझाइन, कोडिंग आणि टेस्टिंगच्या या मुद्द्यांवर माझ्याकडे पुरावा नाही, आणि या टीममध्ये तो मिळणार नाही’ असं बैठकीत म्हटलं की कोचला कृती लिहावीच लागते. रोटेशन (ठराविक काळाने टीम बदलणं) असलेल्या कंपनीत पहिली सहामाही वाया गेली तरी चालतं. शाखा पक्की झाल्यानंतरची गेली तर शेवटचं वर्ष अवघड.

शेवटच्या टप्प्यात कामावरच्या खऱ्या प्रश्नावर प्रकल्प, त्याचा अहवाल, सादरीकरण आणि प्रश्नोत्तरं, शिवाय पोर्टफोलिओवर (जमवलेल्या पुराव्यांवर) आधारित व्यावसायिक चर्चा असते. इथे सर्वात जास्त घात होतो तो प्रकल्पाच्या निवडीत. कन्सल्टन्सीत ग्राहकाचं काम मधेच थांबतं, नाहीतर ग्राहक अहवाल बाहेर द्यायला नकार देतो. बँकेत खऱ्या डेटाला हात लावायची परवानगी मिळेपर्यंत टर्म संपते. म्हणून कंपनीच्या आतल्या वापराचं, छोटं, मालक एकच असलेलं काम घ्यावं: सपोर्टच्या तिकिटांची वर्गवारी, एखादा हाताने चालणारा अहवाल स्वयंचलित करणं, जुन्या सेवेचं क्लाउडवर स्थलांतर. विषय दिपवणारा नसला तरी हरकत नाही. आधीची स्थिती मोजलेली हवी आणि नंतरची मोजता यायला हवी. ‘अहवालाला आधी इतका वेळ, आता इतका’ हे सांगता न आलेले भारी भारी मशीन लर्निंग प्रकल्प प्रश्नोत्तरांत गळपटतात. गोपनीयतेची लेखी परवानगी विषय ठरवतानाच घ्यावी.

अभ्यासक्रमाच्या दर्जाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, सिस्टिम डिझाइन, सुरक्षा, प्रकल्प व्यवस्थापन, व्यवसायाचं भान हे सगळं बऱ्यापैकी होतं. अल्गोरिदमचं गणित, कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतलं जग हे वरवर. ज्या मुलाला संशोधनाकडे किंवा ग्राफिक्स, क्रिप्टोग्राफी अशा खोल विषयांकडे जायचंय त्याने चांगल्या विद्यापीठात पूर्णवेळ कॉम्प्युटर सायन्सच घ्यावं, आणि आईवडिलांनी कर्जाच्या धास्तीने त्याला इकडे ढकलू नये. एकाच वर्गात बँकेत जावा लिहिणारा आणि हेल्पडेस्कवर बसणारा, दोघंही असतात; शिक्षक मधली पातळी धरतो आणि दोघांनाही ती जमत नाही. एमएस्सीला प्रवेशासाठी मात्र ही पदवी पूर्ण पदवीच आहे. पुढे कंपनीच्या लेव्हीतून लेव्हल ७, म्हणजे पदव्युत्तर पातळीची अप्रेंटिसशिप, करू म्हणून कोणी बेत आखला असेल, तर तो निधी जानेवारी २०२६ पासून नव्याने सुरू करणाऱ्यांपैकी प्रामुख्याने १६ ते २१ वयाच्यांपुरता राहिलाय. अठराव्या वर्षी लागलेला मुलगा पदवी होईपर्यंत त्या वयाच्या काठावर येतो.

मुलाखतीच्या शेवटी ‘काही विचारायचंय का’ म्हणतात, तेव्हा ऑफिसातल्या वातावरणाबद्दल गोड प्रश्न विचारून संधी घालवू नये. विचारावं: आताच्या दुसऱ्या वर्षाच्या अप्रेंटिसचा अभ्यासाचा दिवस कोणता आणि गेल्या महिन्यात तो किती वेळा हुकला? रोटेशन कोण ठरवतं? पदवीनंतर नोकरी कायम आहे की करार संपतो, आणि कायम असेल तर पगार त्याच वर्षी आलेल्या ग्रॅज्युएटच्या बरोबरीने होतो का? हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. चार वर्षं त्याच टीममध्ये काढलेल्या माणसाला नव्या ग्रॅज्युएटपेक्षा कमी मिळतं अशा कंपन्या आहेत, आणि मग पदवी हातात पडताच माणूस दुसरीकडे जातो. विद्यापीठाची बाजू तपासायला ऑफस्टेड या सरकारी शिक्षण-तपासणी संस्थेचे अहवाल बघावेत. एप्रिल २०२१ पासून डिग्री अप्रेंटिसशिपही त्यांच्या तपासणीत येते, आणि नुसती विद्यापीठाची क्रमवारी पाहण्यापेक्षा तो अहवाल जास्त कामाचा.

एक भीती प्रत्येक घरात असते: टेकमध्ये कपात आली तर? अप्रेंटिस हा नोकरदार आहे, त्यामुळे त्याचंही पद जाऊ शकतं. पण शिक्षण त्याच दिवशी बंद पडत नाही. तीन-चतुर्थांश कोर्स झाला असेल किंवा संपायला सहा महिन्यांहून कमी राहिले असतील, तर पुढचा निधी सरकार देतं आणि नव्या मालकाशिवायही तो पूर्ण करता येतो. त्याआधी पद गेलं तर नवी कंपनी शोधायला बारा आठवडे मिळतात आणि विद्यापीठाने त्यात मदत करायची असते. म्हणून कपातीची कुणकुण लागली की आपले टक्के किती झालेत ते कोचला ईमेलवर विचारून ठेवावं, आणि पोर्टफोलिओतले पुरावे, कंपनीच्या नियमांत राहून, ऑफिसचा लॅपटॉप परत करायच्या आत विद्यापीठाच्या प्रणालीत चढवून टाकावेत. लॅपटॉप गेला की ईमेल जातं, रेपॉझिटरी (कोडचा साठा) जाते, मॅनेजरची पुष्टीही मिळत नाही.